हंड्यातल्या तुरटीचं गणित

पावसाळ्यात भोरला किंवा वेल्ह्याला गेलात तर तिथल्या नद्या नक्की बघा. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी! उन्हाळ्यात तळाचे गोटे दाखवणाऱ्या या नद्या आषाढात तांबड्या होऊन धावतात. राजगड-तोरण्याच्या उतारांवरची माती पावसाबरोबर खाली येते आणि ओढ्या-विहिरींचं पाणीही गढूळ होतं. मग आजी काय करते? तुरटीचा खडा घेते, हंड्यातल्या पाण्यात तीन-चार वेळा फिरवते आणि हंडा झाकून ठेवते. काही तासांनी झाकण काढलं, की वर निवळ पाणी आणि तळाशी गाळ!

माती पाण्यापेक्षा जड असते. मग ती आपली आपण खाली का बसत नाही? कारण गढूळ पाण्यातले मातीचे कण फार म्हणजे फारच बारीक असतात. शिवाय त्या प्रत्येकावर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे ते एकत्र येत नाहीत, मोठे होत नाहीत आणि तसेच तरंगत राहतात.

आता तुरटी पाण्यात उतरते. तिच्यात पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट असतं. पोटॅशियम इथे नुसतं बघत राहतं, म्हणून त्याला बाजूला ठेवू. उरलं ॲल्युमिनियम सल्फेट. ओढ्या-विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट आधीपासून विरघळलेलं असतं. हे दोघं भेटले, की फुगडीतल्या जोड्या बदलाव्यात तशी अदलाबदल होते. सल्फेट कॅल्शियमकडे जातं. बायकार्बोनेट फुटतं. त्यातलं हायड्रॉक्साइड ॲल्युमिनियमला मिळतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटा होतो.

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचे मऊ, पांढरट पुंजके तयार होतात. द्रावणातून असा न विरघळणारा पदार्थ वेगळा झाला, की त्याला अवक्षेप किंवा साका म्हणतात. ॲल्युमिनियमचा धन भार मातीच्या कणांचा ऋण भार पुसून टाकतो. मग कण एकमेकांना चिकटतात, पुंजक्यांत अडकतात आणि त्यांच्याबरोबर तळाशी जातात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही तुरटी किंवा ॲल्युमिनियमचे तसलेच क्षार वापरून पाणी निवळतात.

आता खरी गंमत! या अदलाबदलीत कोण किती लागतं, ते कागद-पेन्सिल घेऊन शोधूया. आधी फक्त नावं लिहू.

ॲल्युमिनियम सल्फेट + कॅल्शियम बायकार्बोनेट → ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट + कार्बन डायऑक्साइड

ॲल्युमिनियम सल्फेटच्या एका घटकात २ ॲल्युमिनियम आणि ३ सल्फेट असतात. डावीकडे २ ॲल्युमिनियम आहेत, म्हणून उजवीकडे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडही २ हवेत. सल्फेट ३ आहेत, म्हणून कॅल्शियम सल्फेट ३. त्यासाठी ३ कॅल्शियम लागले, म्हणजे डावीकडे कॅल्शियम बायकार्बोनेट ३. त्या प्रत्येकात २ बायकार्बोनेट, म्हणजे एकूण ६ कार्बन. तेव्हा कार्बन डायऑक्साइडही ६ झाले!

१ ॲल्युमिनियम सल्फेट + ३ कॅल्शियम बायकार्बोनेट → २ ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड + ३ कॅल्शियम सल्फेट + ६ कार्बन डायऑक्साइड

ताळा करूया. हायड्रोजन डावीकडे ६, उजवीकडेही ६. ऑक्सिजन डावीकडे सल्फेटमधले १२ आणि बायकार्बोनेटमधले १८, मिळून ३०. उजवीकडे ६ आणि १२ आणि १२, तेही ३०. जमलं! समीकरण संतुलित झालं.

एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवा. आकडा नावाच्या आधी लावायचा, पदार्थाच्या आतली रचना बदलायची नाही. पाण्याच्या रेणूत २ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून आत आणखी एक घुसवलात, तर ते पाणी उरतच नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं!

पण दोन्ही बाजू सारख्या का हव्यात? कारण रासायनिक अभिक्रियेत अणू नवा जन्मत नाही आणि नाहीसाही होत नाही. तो फक्त जागा बदलतो. फ्रान्सच्या अँतोआन लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने काळजीपूर्वक वजनं करून अभिक्रियेत पदार्थांचं एकूण वजन बदलत नाही हे दाखवलं आणि १७८९ मध्ये आपल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात मांडलं. आजीच्या हंड्यालाही तोच नियम लागू आहे.

मात्र निवळ दिसणारं पाणी जंतुमुक्त असतंच असं नाही. तुरटीने गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून निवळलेलं पाणी उकळूनच प्यायचं.

आता तुमची पाळी. घरातल्या मोठ्या माणसाकडून बशीत थोडी चुन्याची निवळी घ्या आणि उघडी ठेवा. तिला हात लावू नका, नुसतं बघा. तिच्यातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे तिच्यावर पांढरी साय धरेल. तो कॅल्शियम कार्बोनेटचा अवक्षेप. जुन्या किल्ल्यांच्या बांधकामात दगडांच्या सांध्यांत भरलेला चुना घट्ट होतो, तो याच अभिक्रियेने!

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

या समीकरणात एकही आकडा लावावा लागत नाही. का बरं? प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्हीकडे मोजा, वहीत लिहा आणि उद्या विज्ञानाच्या तासाला आपल्या बाईंना किंवा सरांना दाखवा!