परवानगी नावांच्या यादीची

संगणकावरील डिरेक्टरी, म्हणजेच ज्याला आज सर्रास फोल्डर म्हटले जाते ती रचना, ही फायली ठेवण्याची पेटी आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीत डिरेक्टरी ही मुळात एक यादी आहे. तिच्या प्रत्येक नोंदीत फाइलचे नाव आणि त्या फाइलची माहिती जेथे ठेवलेली असते त्या ‘आयनोड’चा क्रमांक, एवढेच असते. डिरेक्टरीवर दिलेली परवानगी ही या यादीपुरती असते, आतल्या मजकुरासाठी नसते, आणि वेगवेगळ्या कार्यप्रणालींवर ही परवानगी तपासताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ हा भेद विसरण्यात असते.

युनिक्समध्ये मालक, गट आणि इतर अशा तीन वर्गांना वाचन, लेखन आणि अंमल या तीन परवानग्या अनुक्रमे ४, २ आणि १ या अंकांनी, म्हणजे प्रत्येक वर्गासाठी त्यांच्या बेरजेचा एक अंक लिहून, दिल्या जातात. मात्र डिरेक्टरीच्या बाबतीत वाचन म्हणजे आतली नावे पाहणे, लेखन म्हणजे यादीत नाव घालणे, बदलणे किंवा काढणे, आणि अंमल म्हणजे त्या यादीतून पुढे आतल्या फाइलपर्यंत जाणे, असे त्यांचे अर्थ होतात. त्यामुळे ज्याला केवळ वाचनाची परवानगी आहे त्याला नावे दिसतात, पण फाइल उघडता येत नाही. उलट ज्याला केवळ अंमलाची परवानगी आहे त्याला यादी दिसत नसली, तरी नाव आधीच ठाऊक असलेली फाइल, तिची स्वतःची परवानगी असल्यास, उघडता येते.

हाच भेद एका लहान चाचणीतून अधिक स्पष्ट होतो. ‘हिशेब’ या डिरेक्टरीला ७५५ आणि तिच्यातील ‘मार्च’ या फाइलला ४४४, म्हणजे सर्वांसाठी केवळ वाचन, अशी परवानगी दिली, तरी डिरेक्टरीचा मालक ती फाइल काढून टाकू शकतो, कारण फाइल काढणे म्हणजे यादीतून नाव खोडणे होय. याउलट फाइलला ६६६ आणि डिरेक्टरीला ५५५ अशी परवानगी दिल्यास त्याच मालकाला फाइलमधला सगळा मजकूर पुसता येतो, पण तिचे रिकामे नाव मात्र हलवता येत नाही.

हीच चाचणी विंडोजवर नेली की तिचे गृहीतकच बदलते. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीपासून तेथील एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत तीन अंकांऐवजी कोणाला काय करू द्यावे याची तपशीलवार प्रवेशसूची असते; फाइल काढण्यासाठी त्या फाइलवरचा हक्क किंवा वरच्या फोल्डरवरचा ‘आतले काढण्याचा’ हक्क, यांपैकी एक पुरतो, आणि वाटेतील फोल्डर ओलांडण्याची तपासणी टाळण्याची मुभा सर्वसाधारणपणे सर्वांनाच दिलेली असते. पायथॉन भाषेतील ‘सीएचमॉड’ ही आज्ञा विंडोजवर केवळ ‘फक्त वाचन’ ही खूण लावते किंवा काढते, आणि फोल्डरवरची ती खूण आत नवी फाइल तयार करण्यास अडवत नाही. म्हणून ‘५५५ दिल्यावर नवी फाइल नाकारली जावी’ ही लिनक्सवर खरी ठरणारी अपेक्षा विंडोजवर फोल ठरते.

युनिक्सच्या घराण्यातही एकवाक्यता नाही. नव्या फाइलला लिनक्सवर सामान्यतः ती तयार करणाऱ्याचा गट मिळतो, आणि डिरेक्टरीचा गट हवा असल्यास तिच्यावर ‘सेटजीआयडी’ ही खूण लावावी लागते. मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर मात्र डिरेक्टरीचाच गट आपोआप लागतो. नकाराची भाषाही वेगळी असते: फाइल काढण्याची मूळ सोय डिरेक्टरीवर वापरली असता पॉझिक्स या मानकानुसार ‘परवानगी नाही’ ही त्रुटी अपेक्षित असते, तर लिनक्स ‘ही डिरेक्टरी आहे’ अशी त्रुटी देते. त्यामुळे त्रुटीच्या नेमक्या क्रमांकावर विसंबलेली चाचणी एका यंत्रावर उत्तीर्ण होऊन दुसऱ्यावर नापास होऊ शकते.

याखेरीज चाचणी कोण चालवतो, हाही प्रश्न असतोच. युनिक्समधील सर्वाधिकारी वापरकर्ता ‘रूट’ याला हे निर्बंध सहसा लागू होत नाहीत, आणि डॉकरसारख्या साधनात चाचण्या अनेकदा रूटच्याच नावाने चालत असल्यामुळे अपेक्षित नकार तेथे कधीच येत नाही. म्हणून जाणकार चाचणीकार कार्यप्रणालीचे नाव पाहून निष्कर्ष काढण्याऐवजी साध्या वापरकर्त्याच्या नावाने यादी पाहणे, आत जाणे, नाव घालणे आणि नाव काढणे या चार कृती प्रत्यक्ष करून पाहतात. आणि शेवटी, चाचणी नापास झाली तरीही, डिरेक्टरीची मूळ परवानगी परत देतात, कारण तसे न केल्यास ५५५ झालेल्या त्या तात्पुरत्या डिरेक्टरीतील फायली साफसफाई करणाऱ्या आज्ञेलाही काढता येत नाहीत.