मूळ संहितेपासून ईमॅक्सची उभारणी आणि भारतीय लिपी

मांडणी व सजावट बाजूस ठेवून निव्वळ मजकूर लिहिण्याचे आणि सुधारण्याचे काम करणारा संगणकीय प्रोग्राम म्हणजे टेक्स्ट एडिटर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये लिहावयास घेतलेला ग्नू ईमॅक्स हा त्यांपैकी एक होय. भारतीय लिप्यांच्या अभ्यासकास तो तयार स्वरूपात मिळू शकतो. तथापि मूळ संहितेपासून तो उभारण्यात एक वेगळा लाभ आहे.

या संहितेची दोन रूपे आहेत. एक, कालांतराने प्रसिद्ध होणारी आवृत्ती. दुसरे, अखंड बदलत राहणारी विकासाधीन संहिता. मुद्रित ग्रंथ आणि लेखकाच्या हातातील हस्तलिखित यांच्यातील नात्यासारखेच हे नाते आहे. विकासाधीन संहिता २०१४ पासून गिट या व्यवस्थेत ठेवली जाते व प्रत्येक बदलाचा कर्ता, दिनांक आणि हेतू तीत नोंदविलेला असतो.

उभारणीचा क्रम असा : प्रथम गिटद्वारे संहितेची प्रत उतरवून घ्यावयाची. प्रसिद्ध आवृत्तीत ‘कॉन्फिगर’ नावाची आज्ञावली आयती असते. विकासाधीन संहितेत ती नसल्याने ‘ऑटोजेन’ चालवून ती आधी निर्माण करावी लागते. नंतर ‘कॉन्फिगर’ त्या संगणकावर कोणती साहाय्यक साधने उपलब्ध आहेत हे तपासते. ‘मेक’ या आज्ञेने प्रत्यक्ष उभारणी होते. ईमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे, परंतु बहुतांश भाग लिस्प भाषेत आहे. म्हणून प्रथम केवळ गाभ्याचा अपुरा प्रोग्राम तयार होतो आणि तोच पुढे लिस्प भागाचे संस्करण करून स्वतःस पूर्णत्व देतो. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ने तो योग्य जागी बसविला जातो. त्यापूर्वीही ‘एसआरसी’ या विभागातून तो चालवून पाहता येतो.

भारतीय लिप्यांच्या दृष्टीने निर्णायक टप्पा ‘कॉन्फिगर’चा होय. जोडाक्षरांची जुळणी हार्फबझ ही साहाय्यक प्रणाली करते. ईमॅक्सने २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून तिचा स्वीकार केला. लिनक्सवर ती, किंवा तिच्या जागी चालणारी जुनी व्यवस्था, न सापडली तरी उभारणी थांबत नाही. मग जोडाक्षरे सुटी पडतात आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या भलत्याच बाजूस उमटते. म्हणून ‘कॉन्फिगर’ने अखेरीस दिलेल्या यादीत हार्फबझपुढे होकार आहे की नकार, हे आधी पाहावे.

या खटाटोपाचे महत्त्व मोडी लिपीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. पुण्याचे पेशवे दफ्तर आणि तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय येथे मोडी कागदपत्रांचे संग्रह आहेत. युनिकोडमध्ये मोडीस २०१४ साली स्थान मिळाले आणि ईमॅक्सच्या २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत मोडी लिहिण्याची सोय आली. कैथी, शारदा, तिरहुता यांचीही व्यवस्था त्याच आवृत्तीत झाली. अक्षरे दिसण्यासाठी मोडीचा फॉन्ट मात्र संगणकावर असावा लागतो.

अशी भर प्रथम विकासाधीन संहितेत पडते आणि नंतर प्रसिद्ध आवृत्तीत येते. ती संहिता उभारून पाहणाऱ्या अभ्यासकास लिपीतील दोष वेळीच निदर्शनास आणता येतो. लिपीचे ज्ञान त्याच्यापाशी असते. उभारणीची रीत अवगत झाली, तर ते ज्ञान साधन घडविणाऱ्यांपर्यंत पोहोचू शकते.