पाव मैल, टोचन आणि परभणी

परभणीचा माणूस पुण्यात कितीही वर्षं नोकरी करो, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य तो कुठे ना कुठे टाकतोच. कॅन्टीनमध्ये, पहिल्या डेटवर, कधी कधी अप्रेझलमध्येसुद्धा! आता जर्मनीकडे पोर्शे आहे, ऑटोबान आहे. परभणीकडे काय आहे, असं कुणी विचारलं की मात्र गडी अडखळतो. बॉस, अडखळायचं कारण नाही. बिनधास्त सांगायचं, आमच्याकडे ड्रॅग रेसिंग आहे. गावात इंजिन यायच्या आधीपासून आहे.

मी शंकरपटाबद्दल बोलतेय. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यात हा प्रकार चालतो. सरळ धावपट्टी, हलका छकडा, बैलांची जोडी, वर एक धुरकरी. वळण नाही, फेऱ्या नाहीत. झेंडा पडला की सुटायचं आणि काही सेकंदांत खेळ खल्लास. निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो, त्यामुळे हल्ली बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक घड्याळ लावतात. शर्यतीचे बैल निराळे असतात. त्यांचा खुराक वेगळा, सराव वेगळा, मालकाचं लाडावणंही वेगळं. मराठवाड्याची लाल कंधारी आणि देवणी ही जनावरं मुळात ओढकामाची, म्हणजे आपल्या भाषेत टॉर्कवाली. पळायला लोक खिल्लार शोधतात.

आता याच वर्णनातून बैल काढा आणि गाडी घाला. झालं तुमचं ड्रॅग रेसिंग! दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, समोर सरळ पाव मैल. पाव मैल म्हणजे १३२० फूट, साधारण ४०२ मीटर. जो आधी पोचला तो जिंकला. फॉर्म्युला वनसारखं टायर स्ट्रॅटेजीचं डोकं नाही की ५० लॅप बघत बसायचा कंटाळा नाही. ज्याला शनिवारी दुपारी झोप येते, अशा माणसासाठी हा परफेक्ट खेळ आहे.

या खेळाचं माहेर कॅलिफोर्नियात. तिथली पोरं आधी वाळलेल्या तळ्यांवर गाड्या पळवायची. दुसरं महायुद्ध संपलं, पोरं घरी आली, आणि लष्कराच्या धावपट्ट्या रिकाम्या पडल्या. १९५० मध्ये सांता अ‍ॅना इथल्या एका विमानतळाच्या पट्टीवर तिकीट लावून रीतसर ड्रॅग रेस सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, वॉली पार्क्स या माणसाने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली. उद्देश साधा होता. पोरं रस्त्यावर मरतायत, त्यांना रस्त्यावरून उचलून पट्टीवर आणायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळातलं ड्रॅग रेसिंग जाम घरगुती होतं. जी गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची, तीच रविवारी पट्टीवर आणायची. आल्यावर व्हीलकॅप काढा, सायलेन्सर काढा, स्टेपनी काढून वजन कमी करा, पळा, आणि संध्याकाळी सगळं परत लावून घरी जा. लाल-पिवळे-हिरवे दिवे १९६३ मध्ये आले. त्याआधी ट्रॅकच्या मधोमध उभा राहून एक माणूस झेंडा हलवायचा. थेट आपल्या पटासारखं! ज्यांच्या गाड्या फारच उघड्यावाघड्या झाल्या होत्या आणि रस्त्यावर चालवणं शक्य नव्हतं, ते त्या दुसऱ्या गाडीमागे बांधून आणायचे. डॉन गार्लिट्स हा या खेळातला सुपरस्टार १९५९ मध्ये फ्लोरिडाहून पार कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डला रेस करायला गेला होता. देशाचं एक टोक ते दुसरं टोक, आणि कशासाठी, तर काही सेकंद पळायला. याच गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स १९७० मध्ये स्टार्टलाइनवरच फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा एक भाग गेला. तोपर्यंत इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असायचं. हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यावर पठ्ठ्याने इंजिन मागे असलेली गाडी बनवली, १९७१ मध्ये ती जिंकायला लागली आणि बघता बघता सगळ्यांनी तोच फंडा उचलला.

आपल्याकडेही मोटर रेसिंग धावपट्ट्यांवरच वाढलं. मद्रासजवळचं शोलावरम, कलकत्त्याजवळचं बराकपूर आणि मुंबईत जुहू. आणि गाड्या? लायसन्स-राजमध्ये मिळेल ती गाडी हीच स्पोर्ट्स कार. त्यातली सगळ्यांची लाडकी म्हणजे फियाट ११००, जिचं पुढे प्रीमिअर पद्मिनी झालं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १०८९ सीसी, जेमतेम ४० हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. तुमच्या आताच्या हॅचबॅकची पॉवर तिच्या दुप्पट असते! आपल्याला ती आठवते ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पण शोलावरमला याच फियाटी रेस करायच्या, हे टॅक्सीत मागच्या सीटवर बसून कुणाला खरं वाटलं असतं?

आणि एका बाबतीत ही आजीबाई तुमच्या हॅचबॅकपेक्षा सरस आहे. पद्मिनीचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. गाडी झटक्यात सुटते तेव्हा वजन मागे सरकतं (तुमची पाठ सीटला चिकटते ना, तेच). म्हणजे मागची चाकं जमिनीवर जास्त दाबली जातात आणि पकड वाढते. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ओढ पुढच्या चाकांना असते. तिथे नेमकं उलटं होतं. पुढचं टोक हलकं होतं, चाकं जागच्या जागी फिरतात, धूर भरपूर निघतो आणि गाडी तिथेच.

मग जुनी गाडी घेऊन नव्या गाडीशी पळायचं कसं? त्यासाठी अमेरिकेत एक भन्नाट पद्धत आहे, ब्रॅकेट रेसिंग. तुमची गाडी पाव मैल किती सेकंदांत कापेल, ते तुम्हीच आधी लिहून द्यायचं. समजा तुमचे २२ आणि शेजारच्याचे १५. मग तुम्हाला हिरवा दिवा ७ सेकंद आधी मिळणार. आणि लिहून दिलं त्यापेक्षा लवकर पोचलात, तर बाद! म्हणजे थापा मारून चालत नाही. तिथे गाडी किती महाग आहे, यापेक्षा तुम्ही तिला किती ओळखता ते महत्त्वाचं. मला विचाराल तर ड्रॅग रेसिंगमधली सगळ्यात लोकशाहीवादी गोष्ट हीच. आपल्याकडे ती जोरात सुरू व्हायला हवी.

आपल्याकडे सध्या काय आहे? लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकापासून ‘व्हॅली रन’ होते. तिथे बाइक आणि कार, दोन्ही पळतात. देशी गाड्यांचे, परदेशी गाड्यांचे वेगवेगळे गट असतात. पुण्या-मुंबईच्या पब्लिकसाठी मस्त. परभणीच्या पोराला मात्र आधी जवळपास अर्धा महाराष्ट्र ओलांडावा लागतो.

आणि ओलांडताना गाडी बंद पडली, तर आपला राष्ट्रीय उपाय आहेच. टोचन! पावसात परभणीच्या काळ्या मातीत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर लागतोच, त्यामुळे टोचन तिकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते आपल्याला. मागच्या गाडीत बसणारा माणूस प्रवासी नसतो, ब्रेक त्यानेच मारायचे असतात. दोर सतत ताणलेला हवा. सैल पडून झटका बसला, तर दोर तुटतो नाहीतर हूक उखडतो. नियमाप्रमाणे दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि वेग सायकलवाला शेजारून गप्पा मारू शकेल इतकाच. नव्या गाडीत इंजिन बंद असेल, तर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि पॉवर स्टिअरिंगही मदत करत नाही. चावी काढलीत, तर स्टिअरिंग लॉक! पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नव्हतंच, त्यामुळे ती निदान या बाबतीत फसवत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दोर विसरा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल मिळत नाही, आणि ओढणारी चाकं जमिनीवर फिरवत नेलीत तर गिअरबॉक्सची वाट लागते. सरळ फ्लॅटबेड मागवा. आणि हो, हूक लावायची जागा बंपरमधल्या एका छोट्या झाकणामागे असते आणि हूक जॅकसोबत डिकीत. आज घरी गेल्यावर एकदा बघूनच घ्या.

आता वॉली पार्क्सचं ते वाक्य. परभणीच काय, कुठल्याही जिल्ह्याच्या गावाबाहेरच्या बायपासवर रात्री अकरानंतर उभे राहा. सायलेन्सर फोडलेल्या बाइक, मागे मोबाइलवर शूटिंग करणारा मित्र. पोरांना हौस आहे, पट्टी नाही. ड्रॅग स्ट्रिपवर पळायला ४०० मीटर लागतात आणि थांबायला निदान तेवढीच मोकळी जागा ठेवावी लागते. बायपासवर त्या थांबायच्या जागेत काय असतं? ऊस भरलेली, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली. ताशी १०० च्या वेगात तुम्ही एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाता. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे मीटर संपलेले असतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी आकडेवारीत दहातल्या सुमारे सात मृत्यूंसमोर कारण लिहिलंय, अतिवेग.

कायदा आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय रेस लावली, तर मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमाखाली पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण नुसती बंदी काय करते, ते शंकरपटाने दाखवलंय. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, त्यावर हायकोर्टाची स्थगिती आली. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांची डॉक्टरी तपासणी लागते, काठी-चाबूक चालत नाही. प्राणिमित्रांचे आक्षेप संपलेले नाहीत, आणि त्यातले काही मलाही पटतात. पण निदान कोण पळतंय, कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली, याची नोंद तरी होते.

बैलांसाठी जे जमलं, ते बाइकवाल्या पोरांसाठी एकाही जिल्ह्याने मनावर घेतलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. लागतं काय? साधारण एक किलोमीटरची सरळ, बंद पट्टी, दोन्ही बाजूंना कठडे, एक अ‍ॅम्ब्युलन्स, हेल्मेट तपासणारा एक खडूस माणूस आणि घड्याळ. घड्याळ तर पटवाल्यांकडे आहेच.