अनेक बाळंतपणे आणि आईचे आरोग्य



आपल्या शेजारच्या मुलताईला उगम पावणारी तापी नदी पुढे बुऱ्हाणपूरला जाते. त्याच बुऱ्हाणपुरात १७ जून १६३१ रोजी बादशहा शाहजहानची बेगम मुमताज महल बाळंतपणात वारली. लग्न १६१२ साली झाले होते आणि १९ वर्षांतले हे तिचे चौदावे बाळंतपण होते. चौदांपैकी सातच मुले मोठी झाली. शेवटची मुलगी जगली, आई गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरले आणि नंतर आग्र्याला नेले. ताजमहाल सर्वांना ठाऊक असतो, पण तो बाळंतपणात गेलेल्या आईची कबर आहे हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

आपल्याकडे अजूनही ऐकू येते, "तिला काय, पाच झाली, सहावे घरीच होईल." हा समज घातक आहे. पाच किंवा अधिक बाळंतपणे झालेल्या स्त्रीला डॉक्टर जोखमीची माता मानतात.

असे का?

मूल जन्मल्यावर वार सुटते. ती जिथे चिकटलेली असते, तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशयाचे स्नायू आवळले की त्या बंद होतात. वारंवार ताणलेले स्नायू कधी कधी नीट आवळत नाहीत आणि रक्त वाहतच राहते. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. त्यामुळे हा रक्तस्राव थांबला नाही तर आई काही तासांतच दगावू शकते.

याशिवाय वार खाली असणे, मूल आडवे असणे, क्वचित गर्भाशय फाटणे, आणि पुढे अंग बाहेर येणे हे धोकेही वाढतात. वय वाढलेले असेल तर रक्तदाब व मधुमेहाची भर पडते.

दुसरे कारण रक्तक्षयाचे आहे. प्रत्येक गरोदरपणात आईच्या अंगातले लोह बाळाकडे जाते. ते भरून येण्याआधीच पुन्हा दिवस गेले तर ती अशक्तच राहते. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय आणि ७ च्या खाली म्हणजे गंभीर रक्तक्षय. अशा आईला थोडा रक्तस्रावही सोसत नाही.

काय करावे?

दिवस गेल्याचे कळताच आशाताईकडे किंवा अंगणवाडीत नाव नोंदवावे. लोहाच्या गोळ्या रोज एक, निदान १८० दिवस घ्याव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नये. आधी पाच बाळंतपणे झाली असतील तर बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे. गाडी, सोबतीचे माणूस आणि रक्त देणारे आधीच ठरवून ठेवावेत. कळा सुरू होताच १०८ ला फोन करावा. रुग्णालयात मूल जन्मताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आवळते. मुमताजच्या काळी बादशहाच्या खजिन्यातही हे औषध नव्हते. आज ते सरकारी दवाखान्यात मिळते.

बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाण्यात किमान दोन वर्षांचे अंतर असावे. तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कुटुंब पूर्ण झाले असेल तर पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. पुरुष पालकांनी हे मनावर घ्यावे.

सन २०१८ ते २० या काळात मध्य प्रदेशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १७३ मातांचा मृत्यू झाला. शेजारच्या महाराष्ट्रात हाच आकडा ३३ होता. यातले बहुतेक मृत्यू वेळेवर उपचार मिळाले तर टळू शकतात.

विद्यार्थिनींनो, हा अंक घरी आईला, काकूला, वहिनीला वाचून दाखवा. अनेक बाळंतपणे पार पडली म्हणजे पुढचे सोपे असे नाही. अशा आईकडे घराने जास्त लक्ष द्यायला हवे.