हँडलच्या रेषेत सूर्य

१ जुलै १९९८ला वाशिम जिल्हा झाला. इंग्रजी अमदानीत 'बासीम' नावाचा जिल्हा होता, तो १९०५मध्ये अकोल्यात विरला. त्यानंतर नव्वदेक वर्षांनी गावाला पुन्हा जिल्ह्याचं ठाणं मिळालं. त्याच वर्षी मला पुसद रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या शाळेत नेमणूक मिळाली. घरापासून शाळा चौदा किलोमीटर. गाडीच्या आणि शाळेच्या वेळा जुळेनात, म्हणून मी सायकल काढली. डोळ्यांवर वजा पावणेतीनचा नंबर होता, शिवाय थोडा सिलिंडर.

पुसदचा रस्ता वाशिमहून आग्नेयेला जातो. डिसेंबरात सूर्यही आग्नेयेच्या अंगानेच उगवतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेला निघालं की तो बरोबर हँडलच्या रेषेत वर यायचा, आणि पुढचा अर्धा तास समोरून येणारी बैलगाडी फक्त आवाजाने कळायची. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तेव्हा सूर्य वायव्येकडे कललेला असतो, म्हणजे परतीच्या वाटेवर पुन्हा समोर. पावसाने उघडीप दिली की संध्याकाळचं ते ऊन थेट तोंडावर. सत्तावीस वर्षं मी याच रस्त्याने गेलो आणि आलो, आणि एवढ्या काळात डोळ्यांवर काय लावावं हे शिकत राहिलो.

पहिला इलाज सगळे करतात तोच केला. बालाजीच्या यात्रेत एक काळा गॉगल घेतला, नंबरचा चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला. वजा पावणेतीन म्हणजे डोळ्यांपासून जेमतेम ३६ सेंटीमीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं. त्यापुढचं सगळं विरघळलेलं. ऊन लागत नव्हतं, एवढाच फायदा. खड्डा चाक आदळल्यावर कळायचा. त्याहून वाईट गोष्ट मला पुढे अकोल्याच्या एका नेत्रतज्ज्ञांनी समजावली. नुसत्या काळ्या काचेमागे अंधार होतो, म्हणून बाहुली मोठी होते. काचेने अतिनील किरण अडवले नाहीत तर त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून उलट जास्तच आत शिरतात. असा गॉगल लावण्यापेक्षा उघडे, बारीक केलेले डोळे बरे. काचेचा काळेपणा आणि काचेचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. स्वच्छ, पांढरी दिसणारी काचसुद्धा ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवू शकते. दुकानात 'यूव्ही ४००' म्हणतात ते हेच. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या कितीतरी लोकांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढलेलं दिसतं. ऊन, वारा आणि धूळ यांचा त्यात मोठा हात असतो. माझ्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत ते होतं.

दुसरा चष्मा उन्हात काळ्या होणाऱ्या काचेचा. ही काच अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड स्टुकी आणि विल्यम आर्मिस्टेड यांनी १९६०च्या दशकात घडवली. काचेतच चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. अतिनील किरण पडले की चांदी वेगळी होऊन काच काळवंडते आणि सावलीत पुन्हा निवळते. नंबर आणि सावली एकाच काचेत मिळाल्यावर मला फार मोठी गोष्ट हाती लागल्यासारखं वाटलं. पहिल्या आठवड्यात मी वर्गात मुलांसमोर ती काच खिडकीतल्या उन्हात अर्धी धरून, अर्धी काळी झालेली दाखवली होती. 

पण ती खरी काच होती. जड. घामाने नाकावरून घसरायची. आणि एकदा रस्त्याचं काम चालू असताना ट्रकच्या चाकाखालून उडालेली गिट्टी उजव्या काचेवर बसली. काचेला तारा पडला, तुकडे फ्रेममध्येच राहिले. मी सायकल बाजूला घेऊन बाभळीखाली बराच वेळ बसून राहिलो. डोळा शाबूत होता. त्या दिवसानंतर मी खऱ्या काचेचा चष्मा सायकलवर कधी लावला नाही, आणि कोणालाही लावू देत नाही.

मग फायबर. दुकानदार ज्याला फायबर म्हणतात ते प्लास्टिक १९४०च्या दशकात अमेरिकेत तयार झालं. काचेच्या साधारण निम्म्या वजनाचं असतं, आणि त्याला हवा तेवढा रंग चढवता येतो. रंगाच्या गरम द्रावणात बुडवून ठेवायचं. जितका वेळ, तितका रंग गडद. माझ्या चष्मेवाल्याने मला नमुन्यांची पट्टी दाखवली आणि मी सगळ्यात गडद तुकड्यावर बोट ठेवलं. 'सायकलवर ना? मग इतका काळा नको,' असं ते म्हणाले होते. मी ऐकलं नाही.

त्यांचं म्हणणं मला आठवड्याभरात पटलं. आमच्या रस्त्याला तेव्हा दोन्ही बाजूंनी कडुनिंब आणि बाभळी होत्या. उन्हातून एकदम गर्द सावलीत शिरलं की गडद काचेमागे सगळं मिटून जायचं. गॉगलच्या काचांची जागतिक प्रतवारी शून्य ते चार अशी आहे. तिसऱ्या प्रतीची काच फक्त ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, चौथी ३ ते ८ टक्के, आणि चौथ्या प्रतीची काच लावून गाडी चालवायचीच नसते. ताशी २५ किलोमीटरने सायकल सेकंदाला सात मीटर जाते. डोळा सावलीला सरावेपर्यंत झाड मागे पडतं, आणि खड्डा नेमका झाडाखालीच असतो, कारण पावसाचं पाणी तिथे वाळत नाही. दुसऱ्या प्रतीची, म्हणजे १८ ते ४३ टक्के प्रकाश सोडणारी काच आमच्या रस्त्याला पुरते हे मी दोनदा पडून शिकलो. रंग तपकिरी. राखाडी काचेतून रंग जसेच्या तसे दिसतात हे खरं, पण काळी माती, काळं डांबर आणि त्यात खड्ड्याची काळी कड हे वेगवेगळं दिसायला तपकिरीच बरी. 

ध्रुवीकृत काचही मी एक पावसाळाभर वापरली. ओल्या डांबराची चकाकी ती अशी पुसून टाकते की डोळ्याला थंडावा वाटतो. पण ओला रस्ता किंवा सांडलेलं डिझेल मी त्या चकाकीवरूनच ओळखत होतो. मासेमारी करणाऱ्याला पाण्याखालचं बघायचं असतं, मला पाणी बघायचं होतं.

चष्मा लावून सायकल चालवणारे जगात पूर्वीपासून आहेत, हे मला उशिरा कळलं आणि त्याचा आनंद झाला. १९६८ची टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला डच सायकलपटू यान यान्सन चष्मा लावून जिंकला. १९८३ आणि १९८४चा विजेता लोरॉं फिन्यों याच्या चष्म्यामुळे त्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणत. १९८९मध्ये तोच फिन्यों अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडकडून अवघ्या आठ सेकंदांनी हरला. लेमाँड ज्या पद्धतीचा, चेहऱ्याभोवती वळलेला मोठा गॉगल वापरायचा तो ओकली कंपनीने १९८४च्या सुमारास बाजारात आणला होता. आज रविवारी पहाटे आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या दिशेने निघणाऱ्या आमच्या गावच्या पोरांच्या डोळ्यांवर जे दिसतं, ते त्याचंच नातवंड.

असा वळलेला गॉगल नंबरवाल्याला सहज मिळत नाही, आणि इथे मी सर्वांत जास्त पैसे घालवले. २०१६ला गिअरची सायकल घेतली. त्याच्या आसपास विदर्भात सायकलचं वेगळंच वारं सुरू झालं होतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७मध्ये एकट्याने, अमेरिका ओलांडणारी शर्यत पूर्ण केली होती. मीही साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी, करायचं ठरवलं. वाकड्या हँडलवर मान खाली आणि नजर वर असते, म्हणून आपण काचेच्या वरच्या कडेतून बघतो. साध्या चष्म्याची वरची दांडी तिथे बरोबर आडवी येते.

मी वळलेल्या फ्रेममध्येच नंबर बसवून घेतला. चष्मा लावून उभा राहिलो तर जमीन परातीसारखी कडेने उचललेली. जास्त वळणाच्या काचेतून डोळा तिरका बघतो, म्हणून सपाट काचेचा नंबर तिथे जसाच्या तसा चालत नाही. वळण आणि झुकाव मोजून तो बदलून घासावा लागतो, आणि नंबर किंवा सिलिंडर मोठा असेल तर तरीही कडा पोहतात. माझ्या बाबतीत ते मोजमाप झालंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला आतल्या बाजूला नंबरच्या छोट्या काचा अडकवायचा गॉगल घेतला. बाहेरची मोठी काच बिननंबरची, हवी तेव्हा बदलता येणारी. युक्ती चांगली आहे आणि मोठ्या नंबराला आजही तीच परवडते. पण पापण्या आतल्या काचेला घासतात आणि दोन काचांच्या मधे वाफ धरते. त्यात आम्ही वैदर्भीय तोंडाला दुपट्टा गुंडाळणारे. उच्छ्वास दुपट्ट्यात अडकून वर चढतो आणि थेट चष्म्यावर बसतो. दुपट्टा नाकाच्या हाडाशी घट्ट खोचला आणि खाली हनुवटीशी सैल ठेवला की वाफ खालून निघून जाते. हे मला एका दूधवाल्याने शिकवलं, कुठल्या दुकानाने नाही.

२०१४पासून चाळिशीही लागली होती. दुभागी चष्मा लावून पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हा लांबचा रस्ता स्वच्छ, पण पुढच्या चाकाजवळचा पुसट, कारण तिथे नजर खालच्या, वाचायच्या भागातून जाते. खड्डा लांबून दिसायचा आणि जवळ आला की हरवायचा. सायकलचा चष्मा त्या दिवसापासून मी फक्त लांबच्या नंबराचा ठेवला. घड्याळातले आकडे पुसट दिसले तरी चालतात.

शेवटी जे टिकलं ते साधं आहे. फ्रेम मध्यम वळणाची, उंच काचेची, प्लास्टिकची. धातूची दांडी मेमध्ये कानशिलाला पोळते. काच पॉलीकार्बोनेटची. ती गिट्टी झेलते आणि अतिनील किरण मुळातच अडवते. कडेने बघताना थोडी रंगीत झालर दिसते, फायबरपेक्षा जास्त, हे मी मान्य करून घेतलं आहे. ओरखडे मात्र लवकर पडतात. धूळ बसलेली काच कोरड्या दुपट्ट्याने पुसायची नाही, आधी बाटलीतलं पाणी सोडायचं. एक जोड तपकिरी, दुसऱ्या प्रतीची. एक जोड पांढरी, पहाटेसाठी, रात्रीसाठी आणि ऑक्टोबरसाठी. सोयाबीनची सोंगणी झाली की रस्त्याकडेच्या शेतात मळणी यंत्रं सुरू होतात. संध्याकाळी हवेत कुटार तरंगतं, त्यात चिलटं. तेव्हा अंधार नको असतो, आडोसा हवा असतो.

उन्हात काळी होणारी काच, आता प्लास्टिकमध्ये मिळणारी, मी तिसरी जोड म्हणून ठेवली आहे आणि ती हिवाळ्यात वापरतो. कारण बहुतेकांना ठाऊक नसतं: उष्णतेत ती काच लवकर निवळू पाहते, म्हणून पारा ४२-४३ला टेकला की ती डिसेंबरइतकी काळी होतच नाही. युरोपातल्या थंड रस्त्यांवर तिचं जे कौतुक होतं, ते वाशिमच्या मेमध्ये अर्धंच खरं ठरतं. २० मेच्या आसपास इथे भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. त्या उन्हात सायकल काढूच नये, पण सकाळच्या शाळेहून एप्रिलच्या दुपारी परतताना इलाज नसायचा. तेव्हा काचेपेक्षा टोपीची पुढची झडप जास्त कामाला आली. 

रस्ताही बदलला. अकोला-वाशिम-हिंगोली महामार्ग चौपदरी झाला. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, तो आमच्या जिल्ह्यातून जातो, पण सायकलला तिथे जागा नाही. जिथे जिथे रस्ता रुंद झाला तिथे सावली गेली, आणि मला तपकिरी काचेची जरा गडद जोड करून घ्यावी लागली. त्या जुन्या झाडांसाठी मी हलकी काच निवडली होती. ती काच अजून डबीत आहे.

गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी फळ्यावरचं वाचता येत नाही म्हणून माझ्याकडे आली. चष्मा होता, पण शाळेत येताना तो दप्तरात असायचा. सायकलवर धूळ जाते, पोरं हसतात, म्हणाली. शाळेतर्फे मिळालेली निळी सायकल, रोज चार किलोमीटर. नंबर वजा अडीच. मी तिच्या आईला आणि तिला चष्मेवाल्याकडे घेऊन गेलो. पांढरी पॉलीची काच, फ्रेम चेहऱ्यापेक्षा किंचित मोठी, बाजूने वारा अडवणारी. 'सायकलवर बसल्यासारखी वाक आणि समोर बघ,' मी म्हटलं. ती दुकानातल्या स्टुलावर ओणवी झाली, हात पुढे धरले आणि दारातून रस्त्यापलीकडची पाटी मोठ्याने वाचली. मग खाली, पायाशी बघितलं. आणि पुन्हा पाटी वाचली, या वेळी खालची बारीक ओळसुद्धा.