तलावाचा काठ आणि गणिताचा हट्ट

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावात ग्रामदैवताचे मंदिर पाण्याने वेढलेले आहे. मंदिराकडे जाणारी वाट क्षणभर विसरून पाण्यावर तरंगणारे दोरीचे कडे कल्पावे. मंदिर बाहेर ठेवणारे कडे आवळत नेले, की बिंदूएवढे होते. मंदिराला वळसा घालणारे कडे मात्र पाणी न सोडता कधीच मिटत नाही. न तोडता एका आकाराचे दुसऱ्यात असे रूपांतर करणे म्हणजे होमोटॉपी. तिच्या लेखी महत्त्व केवळ वळशांच्या संख्येला. दोरी कितीही वेडीवाकडी असो.

होलोमॉर्फिक चित्रण याउलट अत्यंत शिस्तबद्ध असते. संमिश्र संख्यांच्या प्रतलावरील सूक्ष्म आकृती ते फिरवते, लहानमोठी करते. पण जेथे अवकलज शून्य नसतो तेथे कोन बदलत नाही. एका छोट्याशा भागातील वर्तनावरून त्याचे सर्वत्रचे वर्तन ठरते.

मग प्रश्न असा, की सैल चित्रणाला हळूहळू वळवून शिस्तबद्ध करता येईल का? जपानचे कियोशी ओका यांनी १९३९ मध्ये या दिशेने पहिले मोठे पाऊल टाकले. हान्स ग्राउएर्ट, १९८९ मध्ये मिखाईल ग्रोमोव्ह आणि पुढे फ्रान्क फोर्स्टनेरिच यांनी तो विचार विस्तारला. संस्थितीचा अडथळा नसेल तर होलोमॉर्फिक उत्तरही मिळते, अशा अवकाशांना आज ‘ओका’ हे विशेषण लावतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन व सी. एस. शेषाद्री यांचा १९६५ चा प्रसिद्ध सिद्धांतही होलोमॉर्फिक रचना आणि वळशांचे गणित यांचेच नाते सांगतो.

मंदिर एक बिंदू मानले आणि काठ अनंतापर्यंत दूर नेला, तर हवे तितके वळसे देणारे होलोमॉर्फिक चित्रण सहज मिळते. संख्येचा घात घेतला की झाले. पण आणखी एक बिंदू वगळताच चित्र पालटते. पिकार यांच्या १८७९ च्या सिद्धांतानुसार संपूर्ण प्रतलावरून तेथे जाणारे प्रत्येक होलोमॉर्फिक चित्रण स्थिर असते.

आणि खऱ्या तलावाला तर काठ आहे. अशा कड्यासारख्या पाण्याचे स्वतःवरच केलेले होलोमॉर्फिक चित्रण मंदिराभोवतीच्या एका फेरीच्या दोन फेऱ्या करू शकत नाही. दोरीला ते सहज जमते. गणिताच्या शिस्तीला काठ आडवा येतो.