नेर्न्स्टचा दिवा आणि डॅशबोर्डवरचा दिवा

१८९७ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी एक विचित्र दिवा तयार केला. त्यात धातूची तार नव्हती आणि निर्वात गोळाही नव्हता. होती फक्त झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये यिट्रियम ऑक्साइड मिसळून भाजलेली एक बारीक कांडी. थंड असताना ती वीज जवळजवळ वाहूच देत नसे. सुरुवातीच्या दिव्यात ती आधी काडी ओढून तापवावी लागे, मग मात्र उघड्या हवेत लखलखे. पुढे धातूच्या तारेच्या दिव्यांनी तिला बाजारातून हुसकावले. नेर्न्स्ट यांना १९२० चे नोबेल मिळाले ते उष्णतारसायनासाठी. पण त्यांची ती भाजलेली माती संपली नाही. आज ती पेट्रोल मोटारीच्या धुराच्या नळीत बसलेली असते आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो तेव्हा त्यामागे पुष्कळदा तिचीच साक्ष असते.

या साक्षीदाराला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. बोटाच्या टोपणासारखा त्याच भाजलेल्या मातीचा एक कप, त्याला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा सूक्ष्म लेप. बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर, आतल्या अंगाला साधी हवा. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर ही माती ऑक्सिजनच्या आयनांना वाट देते. ते जास्त ऑक्सिजनाकडून कमी ऑक्सिजनाकडे सरकतात आणि दोन लेपांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. किती, हे नेर्न्स्ट यांच्याच १८८९ च्या समीकरणातून काढता येते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल या प्रमाणाहून किंचित जास्त झाले की दाब ०.८ ते ०.९ व्होल्टवर उडी मारतो, किंचित कमी पडले की ०.१ च्या आसपास कोसळतो. मधल्या ०.४५ व्होल्टवर तो थांबत नाही. आपल्या नाकाला न कळणारा फरक ही माती तत्काळ ओळखते, आणि तेही रस्त्यावरचे धक्के आणि काजळी सोसत.

एवढ्या काटेकोरपणाची गरज पडली ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा मुलामा असलेला हा डबा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असे तीनही विषारी घटक एकदम निवळतो. अट एकच, मिश्रण त्या १४.७ च्या अगदी जवळ हवे. १९७६ मध्ये बॉशचा सेन्सर अमेरिकेत विकायच्या व्हॉल्वो २४० मध्ये बसला, आणि इंजिन स्वतःच्याच धुराचा वास घेऊन पेट्रोल मोजू लागले. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले, कारण शिसे कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही मारते.

यंत्राने आपले दुखणे आपणच सांगावे, ही कल्पना धुरक्याने घुसमटलेल्या कॅलिफोर्नियाने रेटली. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना १६ पिनांचे एकसारखे सॉकेट आणि दोषांचे एकसारखे कोड सक्तीचे झाले. भारतातही ही व्यवस्था बीएस-४ प्रदूषण नियमांच्या काळात रुळली. स्टिअरिंगखाली हात घातला की बहुधा ते सॉकेट लागते. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर बसवला की फोनवर कोड दिसतो. सुरुवातीचे ‘पी’ अक्षर इंजिन-गिअरबॉक्सच्या विभागाचे, आणि त्यापुढे शून्य असेल तर त्या कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांत एकच.

खरी गंमत इथून पुढे आहे, आणि खरा खर्चही. कोड पुराव्याबद्दल बोलतो, आपण मात्र त्याला गुन्हेगाराचे नाव समजतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. बातमी सेन्सरने दिली म्हणून सेन्सरच बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. अशा वेळी स्कॅनरवर ‘फ्यूएल ट्रिम’ पाहावा, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो आहे तो आकडा. पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालते. समजा, गाडी उभ्या जागी सुरू असताना तो अधिक २० आहे आणि मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर अधिक ५ वर येतो. तर इनटेकच्या बाजूला कुठेतरी रबरी नळी तडकलेली असण्याचा संभव मोठा. फटीतून शिरणारी हवा मंद इंजिनाला भारी पडते, वेगातल्या इंजिनाच्या मोठ्या श्वासात ती हरवते. उलट वेग आणि भार वाढल्यावर आकडा चढत गेला, तर पेट्रोल पंप किंवा फिल्टरकडे बघावे. सेन्सरच्या अलीकडे धुराची नळी फुटली असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि बिचारा सेन्सर प्रामाणिकपणे खोटी साक्ष देतो.

पी०१३५ आला तर मात्र संशय थेट सेन्सरच्या पोटातल्या हीटरवर आणि त्याच्या वायरिंगवर जातो. नेर्न्स्ट यांच्या कांडीला काडी लागे, सेन्सरमधल्या मातीला हीटर. आधी फ्यूज बघावा, मग वायरी. पावसाळ्यात उबेला आलेल्या उंदरांनी त्या कुरतडलेल्या असणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. गाडी पूर्ण थंड झाल्यावर कनेक्टर सोडून हीटरच्या दोन वायरींमधला रोध मल्टीमीटरने मोजावा. पुष्कळ सेन्सरमध्ये या वायरी एकाच रंगाच्या असतात. काही ओहम दाखवले तर हीटर बहुधा शाबूत, सर्किट तुटलेले दाखवले तर गेला.

पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर कमी पडतो आहे, हा खिशाला महाग पडणारा कोड. कन्व्हर्टरच्या पुढेमागे एकेक सेन्सर असतो. कन्व्हर्टरमधले सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवते आणि गरजेला सोडते, म्हणून पुढच्या सेन्सरचा आलेख नाचत असला तरी मागच्याचा ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास संथ राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर साठवण संपली. पण नवा डबा घेण्याआधी जुना का मेला ते शोधावे. मिसफायर होत असेल, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण नीट पेटत नसेल, किंवा इंजिन ऑइल जाळत असेल, तर नव्याचीही तीच गत होईल. पिवळा दिवा सतत न जळता लुकलुकत असेल तर त्या क्षणी मिसफायरने कन्व्हर्टर भाजून निघत असण्याची शक्यता असते. गाडी बाजूला घेणे शहाणपणाचे.

एक सावधगिरी. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर ‘वाइडबँड’ जातीचा असतो. त्याला वरचे व्होल्टचे आकडे लागू नाहीत. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे प्रयोग कदापि करू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पीयूसीला जायचे म्हणून स्कॅनरवरून कोड पुसून टाकायचा मोह अनेकांना होतो. त्याबरोबर दोष घडला त्या क्षणाचा वेग, तापमान आणि ट्रिम यांची जपून ठेवलेली नोंदही पुसली जाते, म्हणून आधी त्या पडद्याचा फोटो काढून घ्यावा. दुरुस्ती खरी असेल तर पुसायची गरजही पडत नाही. सलग तीन फेऱ्यांत तपासणी होऊन दोष दिसला नाही की दिवा आपोआप विझतो. कोड मात्र संगणकाच्या स्मृतीत आणखी टिकून राहतो आणि इंजिन साधारण ४० वेळा थंड होऊन पुन्हा तापेपर्यंत जात नाही.